दहापट म्हणजे दहापट नव्हे

मी लोर्ना पिटमनच्या स्वयंपाकघरातला टोप बोलतोय. हो, तोच, पोचे आलेला, बूड काळं पडलेला. माझी कीव करायला आला असाल तर दारातूनच परत फिरा. मला चार शब्द सुनवायचेत, ते ऐकायचे असतील तर बसा.

माझा जन्म लॉन्सेस्टनच्या एका कारखान्यात, जर्दाळूचा मुरांबा शिजवण्यासाठी. चर्चच्या बाजारातून लोर्नाने मला उचललं आणि घरी नेल्या नेल्या बिअर उकळायला घेतली. मोड आणून भाजलेला जव, पाणी आणि आमच्या डर्वेंट नदीकाठी पिकणारी हॉप्सची कडू फुलं. काढ्याचा वास पडवीत पसरला की शेजारीपाजारी रिकामे ग्लास घेऊन हजर! फुकटची चव बघताना माणसं कशी सगळी जाणकार होतात.

मग गावातला एकुलता एक पब बंद झाला. मालक मेलबर्नचा, कुलूप ठोकून मोकळा झाला. गाडीवाले पलीकडच्या गावी जाऊ लागले. शेजारची म्हातारी आयडा मात्र घरीच बसली. शनिवारी पबात दोन घटका बोलणं, एवढीच तिची करमणूक होती. आता तिच्या खिडकीचे पडदेसुद्धा उघडेनात. लोर्नाला ते बघवेना.

"कुलूप पबाला लागलंय, आपल्या तोंडाला नाही," ती गावच्या सभेत कडाडली. "दर शनिवारी इथे हॉलमध्ये जमायचं. बिअर मी करते. विकायची नाही, वाटायची."

हॉलचा कारभारी नेव्हिल हसला. "अगं, तुझ्या त्या टोपाने गावाचे ओठ तरी ओले होतील का? त्यापेक्षा मी बस ठरवतो. सगळेच पलीकडे जाऊ."

"परक्यांच्या पबात मला कोण ओळखतं रे?" आयडा पुटपुटली.

"ठरव तू बस," लोर्ना म्हणाली. "रिकामी जाईल!"

शेजारचा क्लेम मदतीला धावला. बंद पडलेल्या डेअरीतून त्याने दुधाचं भलंमोठं पिंप आणलं. माझ्यासारखे दहा टोप त्यात मावले असते. "सगळं दहापट घ्यायचं," तो म्हणाला. "त्यात काय डोकं लागतं? आणि हे डबडं दे कोंबड्यांना पाणी ठेवायला."

डबडं! मी अंगणात पडून सगळं बघत होतो. मी तोंडाने ऐसपैस. माझ्यात तासभर उकळलं की पाणी झपाट्याने आटतं. त्या पिंपाचं पोट मोठं, तोंड त्या मानाने लहान. पाणी दहापट ओतलं, पण आटलं थोडंच, काढा पातळच राहिला. मला गार पाण्यात बसवलं की मी चटकन निवतो. पिंप आच बंद केल्यावरही संध्याकाळपर्यंत तापलेलंच. फुलं आत बसून कडूपणा सोडत राहिली. पण टोपाला विचारतो कोण?

बिअर आंबून तयार झाली. पहिला घोट क्लेमनेच घेतला.

"कशी आहे?" लोर्नाने विचारलं.

"नदीत ॲस्पिरिन विरघळवल्यासारखी," तो रडवेल्या तोंडाने म्हणाला. "पण मी सगळं दहापटच घेतलं होतं गं!"

"तिथंच तर घोडं पेंड खातं, मूर्खा!"

ती सगळी बिअर भोपळ्याच्या वाफ्यात गेली. गावभर बोभाटा झाला. नेव्हिलने बसही ठरवून टाकली. लोर्ना पायरीवर बसून थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून उठली, कोंबड्यांना हाकललं आणि मला घासून शेगडीवर चढवलं. तासाभरात माझ्यात किती पाणी आटतं ते मोजलं, मग पिंपात किती आटतं ते मोजलं. दुसऱ्या खेपेला पाणी कमी घातलं, फुलं हात राखून घेतली आणि उशीच्या अभ्र्यात बांधून सोडली. आच बंद होताच क्लेमने तो अभ्रा बाहेर ओढला, हात पोळले तरी. म्हणून त्याला मी माफ केलंय, डबडं म्हणाला तरी.

ती बिअर आंबून तयार झाली आणि ठरलेला शनिवार आला. लोक आपापल्या घरचं काहीबाही ताटात घेऊन हॉलकडे आले. मी तिथल्या शेगडीवर खिमा भरलेल्या 'पाय' पेस्ट्रीबरोबर द्यायचे वाटाणे शिजवत होतो. बाहेर नेव्हिलची बस दार उघडून उभी होती. क्लेमने पहिला ग्लास भरला. त्याने घोट घेतला आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मग एकच झुंबड उडाली. नेव्हिलही ग्लास घेऊन रांगेत शिरला. बसवाल्याने बराच वेळ वाट पाहिली, वाटाण्यांची एक ताटली खाल्ली आणि रिकामी बस घेऊन गेला.

निघताना लोर्ना खुर्च्या आवरू लागली, तशी आयडाने आपल्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ही उचलायची नाही. पुढच्या शनिवारी मी इथंच बसणार आहे."

मीही इथेच, हॉलच्या शेगडीवर आहे. कुणाची हिंमत असेल तर हलवून दाखवा.