तेवीस नंबरची धमनी

तिच्याकडे येणाऱ्या माणसांना नाव नसायचं. हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट असलेली धाकटी बहीण मानेचे स्कॅन नाव पुसून पाठवायची. आलेल्या स्कॅनमधून ती नुसती मेंदूकडे जाणारी धमनी कोरून काढायची आणि कॉम्प्युटरवर तिच्यात रक्त वाहतं करायची. चिंचोळ्या जागेतून ते किती जोरात जातं, पुढे भोवरे कुठे पडतात, हे सर्जनला ऑपरेशनआधी हवं असे.

तेवीस नंबर सकाळी आला. डावी धमनी एका जागी सुतासारखी झाली होती. तिने बहिणीला फोन लावला.

"हे तेवीस नंबर चालतेबोलते आहेत ना गं?"

"चालतात," बहीण म्हणाली. "बोलतात कमी. ताई, आजच करून दे. मंगळवारी टेबलावर घेणार आहेत."

दुपारी काम अडलं. धमनीच्या बुडाशी पांढरे फराटे होते. शरीरात धातू असला की चित्र असं फिसकटतं. तो कुठे आहे हे बघायला तिने पुसलेली हाडं परत दाखवली. गळ्याखालच्या हाडावर, कॉलरबोनवर, धातूची प्लेट होती. भोकं सहा, स्क्रू पाच.

अकरा वर्षांपूर्वी नवरा सायकलवरून पडून त्याचं हेच हाड मोडलं, तेव्हा प्लेटचा सहावा स्क्रू काही केल्या बसला नव्हता. "तुझा एक स्क्रू कमीच आहे," हे ती तेव्हापासून त्याला ऐकवत आली होती.

स्कॅनवर तारीख होती, गेल्या गुरुवारची. गुरुवारी तो गाडी सर्व्हिसिंगला टाकायला गेला होता. आणि रविवारी बहीण जेवायला आली होती, त्याच्यासमोर बसून हसली होती, "भाऊजी, लाजू नका, घ्या अजून," म्हणाली होती.

तिने पुन्हा फोन लावला.

"प्लेटला पाचच स्क्रू आहेत."



"भाऊजींनी शपथ घातली होती, ताई. म्हणाले, तिला कळलं तर घराची लॅब करेल."

"आणि तू?"

"मला गणित तुझ्याच हातचं हवं होतं. आधी कळलं असतं तर तुझा हात चालला असता का?"

तिने फोन ठेवला. दोघांनी मिळून तिचे हात तेवढे आत घेतले होते आणि तिला दाराबाहेर उभं केलं होतं.

नात्यातल्या माणसाची केस दुसऱ्याकडे द्यायची असा नियम होता. दुसऱ्याला आठवडा लागला असता. तिने बुडाचा फिसकटलेला भाग एकेक थर बघत हाताने दुरुस्त केला आणि रक्त सोडलं. हात व्यवस्थित चालला. बहिणीने तिला इतकंही ओळखलं नव्हतं.

चिंचोळ्या जागेपुढे भोवरा गरगरत होता. ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं. रिपोर्टात 'रुग्णाशी नातं' या रकान्यात ती एरवी 'नाही' लिहायची. आज तिने 'पत्नी' लिहिलं आणि रिपोर्ट पाठवून दिला.

घरी आली तेव्हा नवरा पलंगावर बॅग उघडून बसला होता.

"मंगळवारपासून चार दिवस बाहेरगावी जावं लागतंय," तो म्हणाला. "ऑफिसचं लचांड. माझे टी-शर्ट कुठे ठेवलेस?"

"टी-शर्ट नको नेऊस. पुढून बटणं असलेले शर्ट ने," ती म्हणाली. "मानेला टाके असले की डोक्यावरून काही काढता येत नाही."

त्याचा हात मानेच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला. ती बॅग भरायला पुढे झाली नाही.