परवापर्यंत थांबलेली सुई

“हातांची घडी टेबलावर, कपाळ हातांवर, आणि सांगेपर्यंत हलायचं नाही!”

हा आवाज आमच्या वॉर्डातल्या पहिल्या डॉक्टरांचा. ते केव्हाच देवाघरी गेले, पण आवाज माझ्या फळीत मुरला आहे. मित्रांनो, मी एक जुने, अरुंद टेबल आहे. तुमच्यापासून दूर, परदेशातल्या नीश शहरातल्या एका दवाखान्यात, छातीच्या वॉर्डात उभे असते. सुताराने मला बीच झाडाच्या लाकडातून घडवले, तेव्हा मला वाटले होते, माझ्यावर सूप आणि पाव येतील. आली ती थकलेली कपाळे.

फुप्फुसाभोवती पाणी साचले की माणसाला दम लागतो. मग तो माझ्यावर ओणवा होतो आणि पाठीतून सुईने पाणी काढतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी दडलेली असते, म्हणून सुई वरच्या कडेने जाते. म्हातारपणी मात्र ती वाहिनी वळणे घेत आडोशाबाहेर येते. एका म्हाताऱ्या घोडेवाल्याच्या वेळी सुई नीट जागी गेली, तरी बाटलीत पिवळ्या पाण्याऐवजी लाल आले. त्याची बोटे माझी कड घट्ट धरून होती. मग ती सैल झाली. तेव्हा आतले दाखवणारे यंत्र नव्हते.

पुढे चाकांची चकचकीत टेबले आली आणि मी कोपऱ्यात गेले. पण ती रोग्याच्या भाराने सरकतात, म्हणून सुईच्या वेळी अजून मलाच ओढून आणतात. खरे सांगते, आता हे काम नको वाटते.

नुकत्याच एका दुपारी देसांका आजी माझ्यावर ओणव्या झाल्या. सोबत त्यांची शेजारीण स्तामेन्का होती. डॉक्टर यास्ना यांनी यंत्राने पाठ पाहिली, वाहिनी कुठून जाते ते पाहून खूण केली.

“आजी, रक्त पातळ करायची गोळी घेता का?”

“नाही गं बाई. माझ्या चिठ्ठीवर नाहीच ती.”

यास्नाबाई आमच्या गावच्याच. इथे सकाळच्या कॉफीबरोबर शेजारणी साखर देतात तशा गोळ्याही देतात, हे त्यांना ठाऊक. “आणि दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरची?”

स्तामेन्काच पुढे होऊन म्हणाली, “मीच देते हो. आज सकाळीही दिली. माझ्या पायातली रक्ताची गुठळी तिनं गेली, म्हटलं हिलाही गुण येईल.”

“गप्प बस की, मेले!” आजी माझ्यावरूनच ओरडल्या. “आता सुई राहिली ना! उद्या संत निकोला!”

मग मला कळले. उद्या त्यांच्या घराच्या संताचा दिवस. त्या दिवशी घरात मेणबत्ती पेटते आणि घरचा पाव देवळात कापला जातो. नवरा मरताना आजींनी त्याला शब्द दिला होता, ही रीत मी मोडू देणार नाही. घरात आता दुसरे कोणी नाही, आणि आज सुई झाली असती तरच आजी उद्या घरी पोचल्या असत्या.

“दम फारच वाढला असता तर आजच सुई घातली असती,” डॉक्टर म्हणाल्या. “पण नाकातल्या प्राणवायूच्या नळीवर तुमचं निभतंय. मग छातीत रक्त उतरायचा धोका कशाला? गोळीचा असर उतरू दे. परवा करू.”

आजींचे कपाळ माझ्यावर टेकले. फळी ओली झाली.

“मी भाजते पाव,” स्तामेन्का म्हणाली.

“तू? तुझा पाव म्हणजे वीट!”

“वीट तर वीट. संत निकोला काय दातांनी खातात?”

आजींना हसू आले, त्यात दम लागला. “उपासाचा आहे, अंडं घालू नकोस. आणि मेणबत्ती दुपारपर्यंत विझू देऊ नकोस.”

“नाही विझू देणार.”

मित्रांनो, मायेने दिलेली गोळीसुद्धा डॉक्टरांना सांगा. कुणाची का असेना, सांगा. ओणवलेल्या माणसाला पाठीमागचे काही दिसत नसते.

आजींनी उशीखालून घराची किल्ली काढून दिली. स्तामेन्काने डोक्याचा रुमाल हनुवटीखाली बांधला, आजींच्या पाठीवर पांघरूण सारखे केले आणि पिठाचे दुकान बंद व्हायच्या आत निघाली.