पाण्यातली हद्द

"माज्या सुऱ्याला हात लावू नगंस!" ओटिएनो खेकसला, आणि मनामाच्या मासळीबाजारात आमच्या शिवदासाची सकाळ भांडणानंच उजाडली.

शिवदास उजनीच्या काठचा भोई. धरणाच्या पाण्यात जाळी टाकत वाढला, आता बहारीनात मासे साफ करतो. त्याच्या एका अंगाला केनियाचा ओटिएनो, दुसऱ्या अंगाला युगांडाचा नुमान. दोघांचीही गावं व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला, मधी नुसतं पाणी. काल-परवापर्यंत एका ताटात जेवायचे. पण ओटिएनोच्या धाकट्या भावाला युगांडाच्या गस्तीवाल्यांनी होडी-जाळ्यांसकट धरलं, आणि सगळं फिसकटलं.

"तुमी माज्या भावाला कोंडलं!"

"आमच्या हद्दीत आलाच कशाला?" नुमान म्हणाला. "बारीक जाळी लावून पिल्लंसुदिक उचलता. आमी काय माती खायची?"

"मासा काय हद्द बघून पवतो व्हय?"

शिवदासाचं डोकं तापलं. "आरं, आमच्याकडं बी हेच. पानी एक, जिल्हे दोन, आन भोईच भोयाच्या उरावर बसतोय! नुमान, तुजा मामा तितंच काठाला ऱ्हातो न्हवं? लाव त्याला फोन."

नुमान ढिम्म हलला नाही. ओटिएनोही विनवायला तयार नाही. शेवटी शिवदासानंच नुमानच्या हातात फोन कोंबला. मामा चौकीत गेला, हातापाया पडला. पोरगा सुटला. होडी मात्र तिथंच राहिली.

"आन होडी?" ओटिएनोनं विचारलं. आभाराचा शब्द नाही.

आठवडा सरायच्या आत खबर आली, भाऊ दुसऱ्याच्या होडीतनं पुन्हा तिकडंच गेला. मासा तिकडंच होता, तो तरी काय करणार?

"तुज्या भावानं माज्या मामाचं तोंड काळं केलं!" नुमान ओरडला.

"मरा तिकडं दोगं बी!" शिवदासानं हात झाडले.

तेवढ्यात विमानानं आलेली खोकी येऊन पडली. "यल्ला, यल्ला! चला, उरका!" मुकादम गरजला. शिवदासानं झाकण काढलं. बर्फात रुपेरी, दांडगे मासे. दोघांनीही बघताक्षणी ओळखले, त्यांच्याच सरोवराचे. खोक्यावर नाव होतं टांझानियाचं, तिसऱ्या काठाचं.

नुमाननं एक मासा उचलून कल्ला उघडून बघितला.

"ताजा हाय," तो पुटपुटला.

"असनारच," ओटिएनो म्हणाला.

"सीफ भागातल्या बड्या हाटेलात जायचेत, दुपारच्या आत," मुकादम म्हणाला.

दोघं एकाच फळीवर वाकले, एकमेकांकडं न बघता खवलं काढू लागले.