डाव्या कुशीतले सात फोड

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, पण लाकडाची नाही. माझे अंग काचेच्या धाग्यांचे आहे. अशा धाग्यांची चटई साच्यात पसरायची, तिच्यावर रेझिन हे राळेसारखे चिकट रसायन ओतायचे आणि रोलर फिरवून आतली हवा काढून टाकायची. असे सात थर देऊन एका बाईने मला घडवले, तिच्या नावाडी नवऱ्यासाठी. रेझिन वीस मिनिटांत घट्ट होते, म्हणून काम सोडून ती मध्येच उठत नसे. एकदाच उठली. ते पुढे सांगते.

सव्वीस वर्षे मी या काठावरून त्या काठावर माणसे नेली. एकदा एक शिवणयंत्र आणि त्यावर बसलेली मांजरही नेली. ती सबंध वाट पाण्याकडे पाठ करून बसली होती.

दरवर्षी नावाडी मला वर ओढून धुई आणि लगेच रंग लावी.

"ओल्या अंगावर कपडे चढवताय तिला," बायको म्हणे.

"तिला काही सर्दी होत नाही," तो म्हणे.

बायको वारल्यावर तर तो मला दुप्पट रंग लावू लागला.

यंदा मला वर ओढले, तर पोटावर फोड. काही मटाराएवढे, काही लिंबाएवढे. दुरुस्तीवाल्याने लांबूनच मान हलवली. "पाणी मुरलंय. आतून पोखरली असणार. शनिवारी करवत घेऊन येतो."

 नावाडी माझ्या काठावर हात ठेवून नुसता उभा राहिला. बायकोच्या हातचे आता माझ्याशिवाय त्याच्याकडे फारसे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी आली. ती प्रयोगशाळेत काम करते.

"बाबा, कापायच्या आधी फोड उघडून तरी बघू."

"उगाच तिचे हाल कशाला गं?"

"तुम्ही डॉक्टरकडेसुद्धा असंच जात नाही."

आतले पाणी डोळ्यांत उडू नये म्हणून तिने चष्मा लावला आणि एकेक फोड टोचला. आतून साधे पाणी आले. ना वास, ना चिकटपणा. निळा लिटमस कागद निळाच राहिला, म्हणजे आम्ल नव्हते. खालचे माझे कातडे गुळगुळीत होते.

"हे फोड हिचे नाहीत, रंगाचे आहेत. ओल्यावर रंग कोणी फासला?"

नावाडी आकाशाकडे बघू लागला.

मग ती माझ्या डाव्या कुशीपाशी आली. तिथे सात फोड जवळजवळ होते. पहिलाच टोचला तर चिकट पाणी आले, व्हिनेगरसारख्या वासाचे. लिटमस लाल झाला, म्हणजे हा फोड रंगाचा नव्हता, माझाच होता.  स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिने मला सगळीकडे ठोकून पाहिले. इतर ठिकाणी टणटण वाजे, इथे मात्र बद्द. त्या बद्द आवाजाभोवती तिने पेन्सिलीने रेघ ओढली. तळहाताएवढीच जागा भरली.

"इथे हवा राहून गेलीय. रोलर फिरलाच नाही. आईकडून अशी चूक?"

नावाडी खाली बसला.

"तू रडत होतीस. सहा महिन्यांची होतीस, बाहेर पाळण्यात होतीस. रोलर टाकून ती धावली. परत येईपर्यंत रेझिन घट्ट."

"मग?"

"म्हणाली, इथे कधीतरी फोड येईल, लक्ष ठेवा. मी आपला वरून रंग देत राहिलो."

मुलीने त्या रेघेच्या आत आपला तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

शनिवारी दुरुस्तीवाल्याने स्वतः ठोकून पाहिले. "करवत उगाच वाहून आणली," तो कुरकुरला, पण तेवढी जागा खरवडून दिली त्यानेच. सगळा जुना रंग निघाला. मग गोड्या पाण्याने धुऊन मला सावलीत वाळत ठेवले. ज्याला एक दिवस धीर धरवत नसे, तो नावाडी नऊ आठवडे रोज सकाळी येऊन माझ्या अंगाला हात लावून परत जाई.

शेवटी मुलीने त्या जागेवर नवी चटई बसवली. रोलर हातात घेताना म्हणाली, "बाबा, फोन वाजला तरी मला देऊ नका."

आज मी पुन्हा पाण्यात आहे. डावी कूस हाताला किंचित उंच लागते.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर फोड दिसला तर घाईने रंग फासू नका, घाईने करवतही काढू नका. आधी उघडा, वास घ्या, ठोकून पाहा, आणि वाळायला वेळ द्या. त्या सात फोडांना चूक म्हणायचे तर म्हणा. मला मात्र अजून पाळण्याकडे धावणारी पावलेच आठवतात.