दुसऱ्या कुंडीतलं झाड

अकरा वर्षं मी एक लग्न जुळवत होते. दोन कुंड्या, दोन झुडपं. ज्या डोंगरावर ती उगवायची तो खाणीने खाल्ला, आणि जगात उरली ती एवढीच दोन. त्यात जात महाहट्टी. स्वतःचाच पराग फुलावर पडला की फूल तो ओळखतं आणि त्यातून बीजांडाकडे निघालेली नळी अर्ध्या वाटेत अडवतं. बी हवं असेल तर पराग दुसऱ्या झाडाचा लागतो. म्हणून दर हंगामात मी एकीचा पराग कुंचल्याने दुसरीला लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायचे. दर हंगामात फूल देठासकट गळायचं. फुलाला ही ओळख येण्याआधीच, कळी उकलून पराग घालून पाहिला, तेही साधलं नाही.

आमच्या वनस्पती उद्यानाचे साहेब म्हणायचे, तुमच्या हातालाच गुण नाही. मला राग यायचा.

आज तपासणीचा कागद आला. आपला पराग ओळखणारं जनुक दोन्ही झाडांत तंतोतंत सारखं. बहिणी असतील म्हणून कागदावरची बाकीची जनुकंही पाहिली. सगळी सारखी. एकच झाड दोन कुंड्यांत उभं होतं.

तडक मामांकडे गेले. मामा इथले माळी. आई गेल्यावर त्यांनीच मला रोपवाटिकेमागच्या खोलीत वाढवलं. ते काचघरात पाण्याची नळी गुंडाळत होते.

"मामा, दुसरी कुंडी कधी मेली?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तू नोकरीला लागलीस त्याच वर्षी. तुझ्या हातून पाणी जास्त झालं, मुळं कुजली. साहेबांनी तुला घरी बसवलं असतं. मग पहिलीची फांदी लावली, तुला म्हटलं छाटणी केली. पाटी तीच ठेवली."

"आणि अकरा वर्षं गप्प बसलात?"

"वेगळ्या मातीत वाढतेय, होईल हळूहळू वेगळी, असं वाटायचं गं. यंदा बी धरेल, मग सांगावंच लागणार नाही."

ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कोणावर? साहेबांचं खरं होतं. जिच्यासाठी अकरा वर्षं कुंचला धरला, तिला मीच मारलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दोन्ही कुंड्यांत कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या.

"उद्या उमलतील," मामा खाली मान घालून म्हणाले. "बांधायला पिशव्या काढून ठेवू?"

"ठेवा," मी म्हणाले आणि कुंचला धुवायला घेतला.