विहिरीतलं हँडल

बयाबाईनं जीपचं हँडल उचललं, घरामागच्या परड्यातल्या विहिरीपाशी गेली आणि सरळ आत टाकलं.

"आता घाला त्या जीपला हळदकुंकू," ती नवऱ्याला म्हणाली आणि पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन भाताचं रोप लावायला निघून गेली. गुंडू गोठ्याच्या दारात तोंड वासून बघत राहिला.

चूक त्याचीच होती. आपणच फोन करून कोल्हापूरचं गिऱ्हाईक बोलवायचं आणि सौदा जमला की ऐन वेळी "न्हाय, नगं" म्हणायचं, हे आज तिसऱ्यांदा झालं होतं. बॉक्साइटच्या खाणीच्या लिलावात घेतलेली ही जुनी जीप. बंद पडली की गुंडू तिच्या सात पिढ्या उद्धरायचा, आणि दुसऱ्या कुणी नाव ठेवलं की त्याच्या अंगावर धावून जायचा. तिचा स्टार्टर कधीच मेला होता. पुढून हँडल मारल्याशिवाय ती हलत नसे. म्हशीशेजारी नुसती उभी असायची. "म्हस निदान दूध तरी देती," बयाबाई म्हणायची.

तासाभरानं बांधाशेजारचा हंबीरराव चिखलातनं धावत आला. त्याच्या पाठीवर बयाबाई होती.

"गुंडू, घोणस डसली. दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, पर खाली दरड आलीया. गाडी पल्याडच थांबलीया."

तिचा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. आता राहिला खाणीचा मोडका रस्ता. पावसाळ्यात तो चढायची छाती त्या जीपचीच. गुंडूनं जीपकडं बघितलं, मग विहिरीकडं. विहीर काठोकाठ भरली होती. तो सदरा काढायला लागला तसा हंबीररावानं त्याचा दंड धरला.

"येडा हाईस काय? तळ तरी घावंल का तुला?"

बयाबाईला मागच्या सीटवर निजवून भावकीतल्या चौघांनी जीप ढकलली. चाकं चिखलात रुतली आणि माणसं तोंडावर पडली. मागच्या सीटवरनं बयाबाई कण्हत म्हणाली, "बैल जुंपा की. का मी मरायची वाट बघताय?"

हंबीररावाची बैलजोडी भातशेताच्या चिखलणीवरच होती. ती आणली, जीपला दोर बांधला. गुंडू स्टेअरिंगवर बसला आणि उभ्या जन्मात केली नव्हती अशी विनवणी त्यानं त्या लोखंडाला केली. "एवढ्या बारी चल गं बाई. मग इक म्हनशील तर इकतो, ठेव म्हनशील तर ठेवतो."

बैलांनी ओढलं. जीप खोकली आणि गप्प झाली. पुन्हा ओढलं, आणि ती अशी गर्जली की बैल बुजून उधळले. हंबीररावानं विळ्यानं दोर तोडला.

खाणीच्या चढावर पाणी ओढ्यासारखं वाहत होतं. इथं इंजिन थांबलं तर ना बैल, ना हँडल. आरशात गुंडूला बायकोच्या हिरड्यांतनं आलेलं रक्त दिसलं.

"बये, बोलत ऱ्हा."

"काय बोलू? गप गाडी चालवा."

मधल्या खिंडीत चाक खड्ड्यात अडकलं. गुंडूनं एका पायानं क्लच, एका पायानं अॅक्सिलरेटर दाबून धरला आणि रडत रडत जीपला शिव्या घातल्या. ती निघाली.

मलकापूरच्या दवाखान्यात पोचल्यावर त्यानं घाईत फाटकातच चावी फिरवून जीप बंद केली, आणि हँडलाशिवाय ती पुन्हा चालू होईना. तिसऱ्या दिवशी बयाबाई शुद्धीवर आली. पाय काळानिळा पडला होता. बोटं राहतील का, ते डॉक्टर सांगत नव्हते. बाहेर वॉचमन ओरडत होता, "पावणं, फाटकातली गाडी काढा."

गुंडू मान खाली घालून म्हणाला, "कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला फोन केलाय. आता माघार न्हाय. गाडी इकली समज."

बयाबाईनं डोळे मिटले.

"त्येला नगं म्हनून सांगा. घराकडं जावा, विहिरीत गळ टाका आनि आधी ते हँडल काढा," ती म्हणाली. "परत कुनाला काय चावलं, तर बैलं कुठवर वढतील?"