ताईनं उपटलेली दांडी

आमचे दाजी एकच गोष्ट लग्न झाल्यापासून पुरवून पुरवून वापरत आले आहेत. नवीन लग्न, तेव्हाही जुनीच असलेली जीप, आणि चालवायला ताई. पहिल्याच चौकात तिनं गिअर बदलला नि दांडीच उपटून तिच्या हातात आली. "बायको नाही, बुलडोझर," असं म्हणून दाजी थांबतात. लोक हसतात, ताईही हसते. मात्र त्या दिवसापासून ती स्टिअरिंगमागे बसलेली नाही. हसणं जमेला आणि न बसणं खर्चाला, असा हिशेब आमच्या घरात कुणी मांडला नव्हता.

यंदा जीप दुसऱ्या गिअरला किंचाळायला लागली. ताईनं तोड काढली. रविवारी चार वाजता दाताचे डॉक्टर जीप बघायला येतील. त्यांच्यादेखत ती न कुरकुरता दुसऱ्या गिअरमध्ये गल्लीचा चढ चढली तर राहील, नाही तर डॉक्टरांची. दाजींनी मान डोलावली. नाही म्हणण्याइतकी पत उरली नव्हती.

"गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की झालं," ते मला म्हणाले. मग आवाज उतरवून, "गेल्या वर्षी मागच्या अॅक्सलचं उरलेलं ऑइल त्यात ओतलं होतं, गिअरबॉक्सला ते चालत नाही. म्हटलं, वाया कशाला घालवायचं." काटकसर ही अशी माणसाला बुडवते.

रविवारी जेवणं उरकून आम्ही दोघं जीपखाली शिरलो. दाजी उताणे, मी पाने पुरवायला. खालचं बूच सुटलं आणि काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं.

"बघ, काय धार आहे."

"दाजी, हे ताईचं कपडे भिजवायचं घमेलं."

"होतं," दाजी म्हणाले.

निथळल्यावर खालचं बूच घट्ट बसवलं आणि दाजी बाजूच्या बुचाकडे वळले. नवीन ऑइल तिथून भरायचं. बूच हललं नाही. गंज सोडवायचं तेल मारलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला पाइप लावून दोघं लटकलो. पाना सटकला आणि बुचाचे कोपरे गोल झाले. जाणता माणूस आधी भरायचं बूच सुटतंय का बघतो, मग खालचं उघडतो. दाजींनी आधी घर रिकामं केलं, मग दार उघडतं का पाहिलं. आता जुनं गेलेलं, नवीन जाईना, आणि कोरड्या गिअरबॉक्सवर जीप फाटकापर्यंतसुद्धा नेता येणार नव्हती.

"तिला सांगायचं नाही," दाजी म्हणाले.

"काय सांगायचं नाही?" टायरशेजारच्या दोन चपला म्हणाल्या.

सांगावं लागलं. ताई वाकून बघत म्हणाली, "म्हणजे होतं ते काढून बसलात आणि घालायला तोंड नाही."

"तोंड आहे. उघडत नाही."

"तुमचं मिटत नाही, हिचं उघडत नाही. छान जोडी आहे."

पण ती गेली नाही. जीपभोवती फिरली, आत डोकावली.

"अहो, मी दांडी उपटली, तेव्हा खाली काय होतं?"

"मला काय माहीत? मी मागून ढकलत होतो."

"भोक होतं. आत दातेरी चाकं तेलात बुडालेली. धूळ जाऊ नये म्हणून घरापर्यंत मी त्यावर रुमाल धरून बसले होते."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी पान्याकडे. मग दोघंही जीपखालून एकदमच निघालो आणि डोकी आपटली.

दांडीच्या बुडाचं रबर वर सरकवलं. खाली एक टोपी होती. दाजींनी ती दाबून फिरवली, आणि मुळा उपटावा तशी दांडी अलगद बाहेर आली.

"दाबून फिरवली की सुटते होय," ताई म्हणाली. "आणि दाबून नीट बसवलीच नाही तर?"

"तरी सुटते," दाजी टोपीला म्हणाले.

"मी उपटली त्याच्या आदल्या दिवशी ग्रीस लावून कुणी बसवली होती?"

दाजी टोपी पुसायला लागले. मग स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं आलं, ताईनं स्वतः आणलेलं. "हेही घमेल्याबरोबर गेलं समजते." गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं तेवढं ऑइल आम्ही नरसाळ्यानं वरून ओतलं. टोपी बसवल्यावर ताईनं दाजींकडून ती पुन्हा दाबून घेतली. मग आणखी एकदा.

तेवढ्यात डॉक्टर आले. दाजींनी किल्ली काढली. ताईनं हात पुढे केला.

"तू?"

"दांडी आता घट्ट आहे ना?"

किल्ली गेली. जीप फाटकाबाहेर पडली, चढाच्या पायथ्याशी आली, आणि दाजींनी डोळे मिटले. दुसरा गिअर पडला. त्याचा आवाज आलाच नाही, म्हणून दाजींना डोळे उघडायला उशीर झाला. तोवर ताई चढाच्या टोकाला पोचली होती. आम्हाला वाटलं वळेल. तिनं हॉर्न वाजवला आणि सरळ निघून गेली.

"म्हणजे विकायची नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती आली की तिलाच विचारा."

"कधी येतील?"

"बरीच थकबाकी आहे तिची," दाजी म्हणाले. पाहुणा ताटकळलेला, वेळ मोकळा, त्यांना राहवेना. "तुम्हाला एक गंमत सांगतो. आमचं नवीन लग्न झालेलं. ही चालवायला बसली, आणि पहिल्याच चौकात दांडी उपटून हातात..."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या चढाकडे.

"मी टोपी नीट बसवली नव्हती," ते म्हणाले.

डॉक्टर एवढे हसले की शेजारची खिडकी उघडली. बुलडोझरला इतकं हसू कधीच मिळालं नव्हतं. दाजींनाही ते लगेच जाणवलं असावं, कारण खिडकीतल्या काकूंना त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.